फ्लोरिडातल्या घराचं पाहुण्यांकडून येणारं भाडं आणि त्यावरचा विक्रीकर: जळगावात बसून कसा निस्तरायचा?

तापीकाठ (धागा काढणारा)

नमस्कार मंडळी. गाव चोपडा तालुक्यातलं, सध्या मुक्काम जळगाव. अमेरिकेत बरीच वर्षं नोकरी केली आणि २०१९ मध्ये आईच्या आजारपणामुळे सगळं आवरून परत आलो. सगळं म्हणजे एक घर सोडून. २०१२ मध्ये तिकडे घरांचे भाव पडलेले असताना फ्लोरिडात किसिमीला चार बेडरूमचं घर घेतलं होतं. डिस्ने जवळ असल्यामुळे लोक तिथे आठ-दहा दिवसांसाठी घर घेतात. तिथली एक व्यवस्थापन कंपनी आमचं घर पाहुण्यांना देते, साफसफाई बघते, कमिशन कापून उरलेले पैसे खात्यात टाकते.

अडचण इथून पुढे आहे. गेल्या दोन वर्षांत मी स्वतःही काही पाहुणे पाठवले. मित्राचे मित्र, पुण्याची एक मावसबहीण, न्यू जर्सीतले ओळखीचे, नाशिकचे एक डॉक्टर. एकूण ११ बुकिंग. कुणी डॉलरमध्ये दिले, कुणी सरळ माझ्या जळगावच्या खात्यात रुपये टाकले. मागच्या महिन्यात कंपनीत नवीन आलेल्या हिशोबाच्या बाईंनी ईमेलमध्ये विचारलं, तुमच्या स्वतःच्या बुकिंगवरचा विक्रीकर कोण भरतं? मला सुरुवातीला फोनवर सांगितलं होतं की कराचं सगळं आम्ही बघतो. करार काढून वाचला तर त्यात लिहिलंय, 'कंपनीने घेतलेल्या बुकिंगपुरते'. म्हणजे ११ बुकिंगवर एक डॉलरही कर गेलेला नाही.

चार रात्री झोप नीट नाही. सरकारचे पैसे बुडवायची इच्छा कधीच नव्हती, आजही नाही. पण कुणाला, किती आणि कसे भरायचे ते कळत नाही. इथले दोन-तीन कर सल्लागार आयकराचं सांगतात, विक्रीकराचं नाव काढलं की गप्प होतात. कुणाला अनुभव असेल तर सांगा.

भुसावळ_जंक्शन

वाचून राह्यलो. माझ्या भावाचंही तिकडे घर आहे. तो म्हणतो ज्यांच्यावरून पाहुणे घर बुक करतात ते वेबसाइटवाले कराचं सगळं कापून घेतात. खरं आहे का?

पांझरा

भाऊ, रागावू नका, पण जे वाटतं ते लिहितो. ११ बुकिंगसाठी एवढी काळजी कशाला? पैसे जळगावच्या खात्यात आले, पाहुणे पुण्याचे, तुम्ही इथले. त्यात अमेरिकेचा संबंध आला कुठे? मला तर हा व्यवहार सरळ भारतातला वाटतो. पुढचे पाहुणे घेऊ नका, झालेलं सोडून द्या.

दोंडाईचा_ते_डेव्हनपोर्ट

तापीकाठ दादा, मी माहेरची दोंडाईच्याची. लग्नानंतर फ्लोरिडात आले आणि इथे पाहुण्यांना घरं देणाऱ्यांचे हिशोब सांभाळते. तुमच्यासारखी प्रकरणं महिन्यातून एखादं तरी येतं, त्यामुळे घाबरू नका. आधी पांझरा भाऊंचं उत्तर देते, कारण हा गैरसमज सगळ्यात जास्त आढळतो.

हा कर पैसे कुठे मिळाले यावर लागत नाही, घर कुठे उभं आहे यावर लागतो. माणूस किसिमीच्या घरात सात रात्री झोपला, त्यासाठी कुणीतरी पैसे मोजले, एवढं पुरे. मग ते डॉलर असोत, रुपये असोत, नाहीतर जळगावच्या खात्यात यूपीआयने आलेले असोत. रुपये आले असतील तर त्या दिवशीच्या दराने डॉलर काढून हिशोबात लिहायचे. त्या दराची नोंद जपून ठेवा.

आता कर किती ते सांगते. फ्लोरिडात सहा महिने किंवा त्याहून कमी मुदतीसाठी घर दिलं की भाड्यावर राज्याचा ६ टक्के विक्रीकर लागतो. त्यावर काउंटीचा (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) अधिभार, आणि त्याखेरीज काउंटीचा पर्यटन विकास कर. किसिमी ओसीओला काउंटीत येतं. तिथे अधिभार १.५ टक्के आणि पर्यटन कर ६ टक्के, म्हणजे एकूण १३.५ टक्के. शेजारच्या ऑरेंज काउंटीत, म्हणजे ऑर्लँडो शहराच्या बाजूला, एकूण १२.५ टक्के होतात.

खरी मेख अशी की हे पैसे दोन वेगळ्या दारांत जातात. राज्याचे ६ आणि अधिभाराचे १.५ असे ७.५ टक्के राज्याच्या महसूल खात्याकडे. पर्यटन कराचे ६ टक्के मात्र ओसीओला काउंटीच्या कर संग्राहकाकडे, वेगळा नोंदणी क्रमांक, वेगळं विवरण. ऑरेंज काउंटीत हेच काम कंट्रोलरचं, म्हणजे काउंटीच्या हिशोब अधिकाऱ्याचं, कार्यालय करतं. लोक एका दाराशी जाऊन येतात आणि काम झालं असं समजतात. भुसावळ भाऊ, तुमच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. वेबसाइट राज्याचा कर कापते, पण काउंटीचा कापते की नाही हे त्या काउंटीशी तिचा करार आहे की नाही यावर ठरतं. भावाला म्हणावं, महिन्याच्या हिशोबात कराच्या ओळी किती आणि कोणत्या ते बघ. 'टॅक्स' असा एकच शब्द दिसला तर त्यावर विसंबू नका.

आणि कर पाहुण्याने दिलेल्या पूर्ण रकमेवर लागतो, कमिशन कापून तुमच्या हाती पडलेल्या रकमेवर नाही. साफसफाईचे पैसे पाहुण्याला द्यावेच लागत असतील तर तेही भाड्यातच धरतात. परत करायची अनामत धरत नाहीत.

तापीकाठ

ताई, मनापासून आभार. एक बुकिंग डोळ्यांसमोर करून दाखवाल का? ७ रात्री, रात्रीचे १८० डॉलर, साफसफाई १४०. आणि दुसरं, पाहुण्यांकडून मी कर घेतलाच नाही, मग तो माझ्या अंगावर कसा? तिसरं म्हणजे माझ्या मेव्हण्याचं कुटुंब राहून गेलं. त्यांच्याकडून मी भाडं घेतलं नाही, जाताना त्यांनी सफाईवाल्या बाईंना स्वतःच्या हाताने पैसे दिले. तेही मोजायचे का?

दोंडाईचा_ते_डेव्हनपोर्ट

१८० गुणिले ७ म्हणजे १,२६०. अधिक १४०, झाले १,४००. त्याचे १३.५ टक्के म्हणजे १८९ डॉलर. त्यातले १०५ राज्याकडे, ८४ काउंटीकडे. तुमची ११ बुकिंग साधारण अशीच असतील तर एकूण भाडं १५,४०० आणि कर २,०७९ डॉलर. राज्याचे १,१५५, काउंटीचे ९२४.

मेव्हण्यांचं बुकिंग सोडून द्या. भाडं घेतलं नाही तिथे कर नाही. ते ११ मध्ये धरलं असेल तर आकडा तेवढा कमी होईल.

कर घेतला नाही तरी तो भरायची जबाबदारी घर देणाऱ्याचीच. पाहुण्याकडून वसूल करणं हा तुमचा हक्क होता, तो तुम्ही वापरला नाही, पण त्यामुळे राज्याचं येणं संपत नाही. एका अर्थी तुमची बाजू सोपी आहे, कारण तुम्ही कर घेऊन स्वतःकडे ठेवलेला नाही. ज्यांनी पाहुण्याकडून कराच्या नावाने पैसे घेतले आणि भरले नाहीत, त्यांच्याकडे कायदा चोरी म्हणून बघतो. तिथे फौजदारी होऊ शकते.

केळीबाग_रावेर

मला अमेरिकेचं काही कळत नाही, पण ताईंचं म्हणणं मला आपल्या बाजार समितीवरून समजलं. आडत्या खरेदीदाराकडून बाजार फी घेतो आणि समितीत भरतो. ती फी आडत्याच्या गल्ल्यातून जाते म्हणून आडत्याची होते का? नाही. आणि त्याने खरेदीदाराला ओळखीपाळखीत फी सोडली तर समिती त्यालाच विचारणार. माझे वडील आडतीवर दिवाणजी होते. फीच्या पैशाचा गल्ला ते वेगळा ठेवायचे आणि म्हणायचे, 'त्या पैसा आपला नहीत, सरकारना शेतस.' दादा, तुम्ही विचारायला आलात यातच सगळं आलं.

पांझरा

माझं म्हणणं मागे घेतो. पैसे इथे आले म्हणजे व्यवहार इथला, असंच मला वाटत होतं. पण एक शंका. परवा कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलं की फ्लोरिडात भाड्यावरचा विक्रीकर बंदच झाला. मग जुनं उकरायचं कशाला?

दोंडाईचा_ते_डेव्हनपोर्ट

बंद झालाय तो दुकानं, कार्यालयं, गोदामं यांच्या भाड्यावरचा. १ ऑक्टोबर २०२५ पासून. पाहुण्यांना अल्प मुदतीसाठी दिलेल्या घरांवरचा कर जसाच्या तसा आहे. ही अर्धवट बातमी खूप फिरते आहे, कृपया पुढे पाठवू नका. आमच्याकडे दोन मालकांनी ती वाचून विवरणं भरणं थांबवलं होतं.

सूट असते ती लांब मुदतीला. एकाच कुटुंबाला लेखी कराराने सलग सहा महिन्यांहून जास्त राहायला दिलं तर हा कर लागत नाही. थंडीत उत्तरेकडून येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना काही मालक असे सात महिन्यांसाठी देतात. पण करार आधीच लेखी हवा.

आता तुम्ही काय करायचं ते सांगते. राज्याच्या महसूल खात्यात 'स्वेच्छेने जाहीर करण्याची' सोय आहे. खात्याने तुम्हाला पत्र किंवा नोटीस पाठवायच्या आत तुम्ही स्वतःहून गेलात, तर मागची तीन वर्षं बघतात आणि दंड माफ करतात. व्याज मात्र भरावं लागतं. तुमची बुकिंग दोन वर्षांतलीच आहेत, त्यामुळे सगळी त्यात बसतात. नोटीस आली की हा रस्ता बंद. म्हणून म्हणते, दिवाळी होऊ द्या, लग्न होऊ द्या असं करू नका. काउंटीकडे वेगळं जावं लागेल, कारण पर्यटन कर ते स्वतः वसूल करतात.

त्याआधी कंपनीला एक प्रश्न विचारा. फ्लोरिडात एजंटला अनेक मालकांच्या घरांची एकत्रित नोंदणी करता येते. तुमचं घर त्यांच्या यादीत आहे का, आणि त्या नोंदणीखाली तुमची बुकिंगही ते भरायला तयार आहेत का? 'हो' म्हणाले तर पुढच्या बुकिंगचं काम बरंच हलकं होईल. 'नाही' म्हणाले तर स्वतःची नोंदणी करा. आणि घराचा पाहुणे ठेवण्याचा राज्याचा परवाना कुणाच्या नावावर आहे, चालू आहे का, हेही त्याच फोनमध्ये विचारून घ्या.

चाळीसगाव_कट्टा

ताई, नोंदणी झाली आणि एखाद्या महिन्यात पाहुणाच आला नाही तर?

दोंडाईचा_ते_डेव्हनपोर्ट

तरीही शून्याचं विवरण भरायचं. इथेच माणसं अडकतात. कर शून्य असला तरी उशीर झाला की किमान ५० डॉलर दंड. विवरण महिन्याच्या १ तारखेला देय होतं आणि २० नंतर उशिरा धरतात. कर वर्षाला १,००० डॉलरच्या वर असेल तर दर महिन्याला, ५०० ते १,००० मध्ये असेल तर तिमाही, त्याखाली सहामाही किंवा वार्षिक. ऑनलाइन वेळेवर भरलं तर पहिल्या १,२०० डॉलर करावर २.५ टक्के, म्हणजे जास्तीत जास्त ३० डॉलर, तुम्हाला ठेवून घेता येतात.

भारतात बसून भरणाऱ्यांसाठी एक फार महत्त्वाची गोष्ट. ऑनलाइन पैसे भरताना ते २० तारखेच्या आदल्या कामाच्या दिवशी इथल्या संध्याकाळी ५ च्या आत सुरू केलेले असावे लागतात. तुमच्याकडे तेव्हा उन्हाळ्यात रात्रीचे अडीच आणि हिवाळ्यात साडेतीन वाजलेले असतात. मध्ये शनिवार-रविवार आला तर तारीख आणखी मागे. मी माझ्या भारतातल्या मालकांना १५ तारीख ठरवून दिली आहे. आणि तुमचं अमेरिकेतलं बँक खातं बंद करू नका, पैसे त्यातूनच जातील.

हिशोबनीस

जळगावात सीए आहे. धागा उशिरा दिसला. विक्रीकराबद्दल ताईंनी सांगितलंय, मी इकडची बाजू लिहितो.

पहिली आणि सगळ्यात जास्त होणारी चूक. परदेशात भरलेल्या कराचं श्रेय घ्यायला आपण फॉर्म ६७ भरतो. ते श्रेय फक्त आयकराचं. तापीकाठ यांनी अमेरिकेत अनिवासी म्हणून भाड्यावर जो केंद्रीय आयकर भरला असेल त्याचं श्रेय मिळेल (फ्लोरिडात व्यक्तींना राज्याचा आयकर नाही). विक्रीकर आणि पर्यटन कराचं नाही. मी दोन फाइलींत हे आकडे एकत्र केलेले पाहिले आहेत आणि ते दुरुस्त करताना फार त्रास झाला.

दुसरं, पाहुण्याने १,५८९ डॉलर दिले आणि त्यातले १८९ कर असतील, तर उत्पन्न १,४००. कर तुमच्या हातातून जातो, उत्पन्नात धरायचा नाही. त्यासाठी पावतीवर तो वेगळा दिसला पाहिजे. आता या ११ बुकिंगचा कर जो तुम्ही खिशातून भराल, तो खर्च म्हणून मिळेल का, हे उत्पन्न आयकर विवरणात कोणत्या शीर्षाखाली, म्हणजे कोणत्या प्रकारात, दाखवता यावर ठरतं. घरभाड्याच्या शीर्षाखाली ३० टक्के ठोक वजावट, व्याज आणि स्थानिक मालमत्ता कर एवढंच बसतं. हॉटेलसारखी सेवा देत असाल आणि व्यवसाय म्हणून दाखवत असाल तर खर्चाला जागा आहे. मात्र एका वर्षी हे आणि एका वर्षी ते असं करू नका.

तिसरं, ते घर परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दर वर्षी दाखवताय ना? तो तक्ता आपल्या एप्रिल-मार्चने नाही, १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या वर्षाने भरायचा असतो. २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्यात न दाखवल्याचा दंड १० लाख रुपये आहे. २० लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला आता जी सवलत आहे, तिच्यात घर-जमीन येत नाही. घर अनिवासी असताना घेतलेलं आहे, त्यामुळे ते ठेवायला परकीय चलन कायद्याची अडचण नाही.

चौथं, जे कुणीच विचारलं नाही. जीएसटी. हा कर सेवेचं ठिकाण कुठलं धरतात यावर ठरतो. पाहुणा परदेशातला असेल तर सेवेचं ठिकाण घर जिथे आहे ते, म्हणजे भारताबाहेर. पण घर देणारा जळगावात, घेणारा पुण्यात, आणि घर परदेशात असं असेल, तर एकात्मिक जीएसटी कायद्याच्या कलम १२ मधलं परंतुक (अपवादाची तरतूद) सेवेचं ठिकाण घेणाऱ्याच्या गावी, म्हणजे पुण्याला आणून ठेवतं. लगेच कर लागतो असं नाही, कारण सेवांसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाखांची आहे. पण ती मर्यादा एका पॅनवरच्या सगळ्या उलाढालीची. जळगावात एखादा गाळा भाड्याने दिला असेल, सल्ल्याची फी येत असेल, तर तेही धरून बेरीज करा.

तापीकाठ

हिशोबनीस साहेब, गाळा आहे एक, बेरीज करून पाहिली, २० लाखांच्या बरीच खाली आहे. मालमत्तेचा तक्ता दर वर्षी भरतो. फॉर्म ६७ मध्ये मात्र यंदा विक्रीकर घालायच्या विचारात होतो, वेळेवर सांगितलंत.

पांझरा

माझा चुलतभाऊ दुबईत एक फ्लॅट पाहुण्यांना देतो. त्याला विचारलं. तिथे टक्क्यांचा पर्यटन कर नाही, खोलीमागे रात्रीला १० किंवा १५ दिरहम, आणि ५ टक्के व्हॅटचा विषय वेगळा. धाग्याचा विषय फ्लोरिडा आहे म्हणून एवढंच लिहितो, पण 'दोन दारं' तिथेही आहेत असं तो म्हणाला.

तापीकाठ

तीन आठवड्यांनी लिहितोय.

कंपनीने माझी बुकिंग त्यांच्या नोंदणीखाली घ्यायला नकार दिला, म्हणून स्वतःची नोंदणी केली. परवाना चालू निघाला. पासबुक, यूपीआयचे उतारे, व्हॉट्सॲपवरची बोलणी काढून प्रत्येक बुकिंगची एक ओळ मांडली. मेव्हण्यांचं वगळून १० उरली, भाडं १४,२२०, कर १,९१९ डॉलर ७० सेंट. राज्याकडे स्वेच्छेने जाहीर करण्याचा अर्ज गेला आहे. काउंटीच्या कार्यालयात रात्री साडेआठला फोन केला, तिकडे सकाळ होती. ज्या बाई बोलल्या त्यांनी शांतपणे महिन्यागणिक आकडे पाठवायला सांगितले. पैसे मी माझ्या बचतीतून बाजूला काढले आहेत.

पाहुण्यांकडे आता कर मागायचा नाही असं ठरवलं होतं. दिलेला शब्द दिलेला. पण नाशिकच्या डॉक्टरांना सहज बोललो, तर दुसऱ्या दिवशी त्यांनी त्यांच्या वाट्याचे पैसे न सांगता पाठवून दिले. परत करू लागलो तर म्हणाले, राहिलो मी, कर माझा. मला भरून आलं.

अवघड गेलं ते पुढच्या बुकिंगचं सांगणं. मावसबहिणीच्या नणंदेला मे महिन्यात घर हवंय. नातेवाईकाला 'वर साडेतेरा टक्के' म्हणायला जीभ रेटत नव्हती. शेवटी हा मजकूर पाठवला, कुणाला लागला तर घ्या:

'घराचं भाडं ७ रात्रींचे १,२६० डॉलर, साफसफाई १४०. त्यावर तिथल्या राज्याचा कर १०५ आणि काउंटीचा ८४. हे १८९ डॉलर माझ्याकडे राहत नाहीत, मी तिकडे भरतो आणि भरल्याची पावती तुम्हाला पाठवतो.'

त्यांचा लगेच 'ठीक आहे दादा' असा निरोप आला. कराच्या पैशांसाठी त्या अमेरिकेतल्या बँकेत वेगळं खातं उघडलं आहे. केळीबाग भाऊंच्या वडिलांचा वेगळा गल्ला डोक्यात बसला होता.

केळीबाग_रावेर

वडिलांना वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, त्या माणसाला भरीत खायला बोलव. हंगाम आहे, या.

भुसावळ_जंक्शन

भावाला सगळा धागा पाठवला. त्याच्या हिशोबात 'टॅक्स' अशी एकच ओळ आहे. घर चॅम्पियन्सगेटला, पत्त्यावर डेव्हनपोर्ट लिहिलेलं. म्हणजे पोल्क काउंटी ना?

दोंडाईचा_ते_डेव्हनपोर्ट

नाही ना भाऊ, इथेच घोळ होतो. डेव्हनपोर्ट पोल्कमध्ये आहे, पण चॅम्पियन्सगेट ओसीओलात मोडतं, टपालाचा पत्ता तेवढा डेव्हनपोर्टचा. मुक्ताईनगर ओलांडून मलकापूरला गेलं की जिल्हा बुलढाणा होतो, रस्त्यावर मात्र काही कळत नाही, तसंच. पिनकोडवर जाऊ नका. मालमत्ता कराचं बिल कोणत्या काउंटीकडून येतं ते भावाला बघायला सांगा, आणि मागच्या तीन महिन्यांचे हिशोब आकड्यांसकट इथे टाका, नावं खोडून. कोणता कर गेलाय आणि कोणता राहिलाय ते ओळीओळीने बघू.